रुमॅटिक ताप : मुलांच्या एका आजाराची मोजदाद

रुमॅटिक तापाची, म्हणजे सांधेतापाची, सुरुवात घशात होते, पण आजार घशात राहत नाही. ‘अ’ गटातल्या स्ट्रेप्टोकॉकस जिवाणूंमुळे मुलाचा घसा सुजतो, गिळताना दुखते, दोन-चार दिवस ताप येऊन उतरतो. पुढचे दोन-तीन आठवडे मूल ठणठणीत असते. शाळेत जाते, खेळते, घरचे ते दुखणे विसरूनही जातात. मग पुन्हा ताप भरतो आणि गुडघा सुजतो. तो उतरतो न उतरतो तोच घोटा धरतो, मग कोपर, मग मनगट. काही मुलांच्या हृदयाला सूज येते. काहींचे हातपाय त्यांच्या इच्छेविरुद्ध झटके देऊ लागतात, हातातली वाटी पडते, अक्षर बिघडते. सांधे काही आठवड्यांत पूर्ववत होतात, पण हृदयाच्या झडपांवर, विशेषतः मायट्रल झडपेवर, आलेला व्रण तसा जात नाही. झडप जाड होते, आखडते, आणि दम लागण्याची तक्रार घेऊन रुग्ण दवाखान्यात येतो तेव्हा मूळ घसादुखीला दहा-वीस वर्षे उलटलेली असतात. हे दुखणे मुख्यतः पाच ते पंधरा वर्षे वयाचे. उपचार न झालेल्या स्ट्रेप्टोकॉकसच्या घसादुखीपैकी साथीच्या दिवसांत शेकडा तीनपर्यंत मुलांना ते होते, एरवी त्याहून पुष्कळ कमी.

कारण आणि परिणाम यांच्यात आधी आठवड्यांचे आणि मग वर्षांचे अंतर असल्यामुळे हा आजार ओळखायलाच वैद्यकाला दोनशे वर्षे लागली. तो मोजायला त्याहूनही अधिक काळ लागला, आणि ती मोजणी अजून चालूच आहे.

सोळाव्या शतकातला फ्रेंच वैद्य गीयोम द बायू याने सांध्यांच्या या तीव्र दुखण्याला गाउटपासून वेगळे काढले. त्याचे लिखाण त्याच्या मृत्यूनंतर, १६४२ मध्ये छापले गेले. इंग्लंडमध्ये टॉमस सिडनहॅम याने १६७६ मध्ये एका सांध्यातून दुसऱ्यात फिरणाऱ्या दुखण्याचे नेमके वर्णन केले आणि ते तरुणांना अधिक होते हेही टिपले. दहा वर्षांनी त्यानेच मुलांच्या अनैच्छिक हालचालींच्या विकाराचेही वर्णन केले. आज तो ‘सिडनहॅमचा कोरिया’ म्हणून ओळखला जातो. मात्र ही दोन्ही दुखणी एकाच आजाराची रूपे असतील, असे त्याच्या मनात आलेले दिसत नाही. हृदयाचा तर त्यात कुठेच उल्लेख नव्हता.

हृदयाशी असलेले नाते अठराव्या शतकाच्या अखेरीस उलगडू लागले. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात डेव्हिड पिटकेर्न १७८८ पासून आपल्या विद्यार्थ्यांना हे नाते दाखवून देत असे. पुढच्याच वर्षी ग्लॉस्टरशरमधल्या डॉक्टरांच्या एका मंडळात एडवर्ड जेन्नरने तीव्र सांधेतापानंतर होणाऱ्या हृदयविकारावर निबंध वाचला. देवीच्या लसीमुळे अजरामर झालेल्या जेन्नरचा हा निबंध पुढे हरवला, आणि त्यामुळे या विषयातले त्याचे श्रेय इतिहासाच्या तळटिपेपुरते उरले. १८१२ मध्ये विल्यम चार्ल्स वेल्स याने अशा रुग्णांची माहिती एकत्र करून प्रसिद्ध केली. त्वचेखाली येणाऱ्या लहान गाठींचीही नोंद त्याने केली. चार वर्षांनी लाएनेकचा स्टेथोस्कोप आला आणि चित्र बदलले. तोवर हृदयातला बिघाड कळायचा तो रुग्ण धापा टाकू लागल्यावर किंवा शवविच्छेदनात. आता तो ताप चालू असतानाच कानाने ऐकता येऊ लागला. पॅरिसच्या झाँ-बाप्तिस्त बुइयो याने १८३६ ते १८४० या काळात ठामपणे मांडले की, तीव्र आणि अनेक सांध्यांच्या सांधेतापात हृदय बाधित होणे हा अपवाद नसून नियमच आहे.

तरीही डॉक्टरांच्या डोळ्यांपुढे सांधे सुजून अंथरुणाला खिळलेला प्रौढ माणूसच होता. तो बाजूला सारून मुलाला पुढे आणले ते लंडनच्या वॉल्टर बटलर चीडल याने. १८८८ मध्ये दिलेल्या आणि पुढच्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत त्याने दाखवले की, मुलांमध्ये पुष्कळदा सांधे फारसे सुजत नाहीत. कुठे नुसती ‘वाढीच्या वयाची’ पायदुखी, कुठे त्वचेवरच्या कडा उमटलेल्या लाल चकत्या, कुठे कोरिया, कुठे फक्त हृदयाची सूज, तीही महिन्या-वर्षांच्या अंतराने एकामागून एक येणारी. ही सारी सुटी दुखणी एका माळेत ओवली तरच आजार दिसतो. रोगाच्या मोजणीच्या दृष्टीने चीडलचे निरीक्षण बुइयोच्या नियमाइतकेच मोलाचे आहे. सुजलेल्या सांध्यांवरून रोगी मोजायचे ठरवले तर नेमकी ज्यांची हृदये बिघडणार तीच मुले मोजणीतून निसटतात. पुढे भारतात हीच चूक मोठ्या प्रमाणावर झाली.

उपचारांची गोष्ट थोडक्यात संपते. १८७६ मध्ये डंडीच्या टॉमस मॅक्लॅगन याने विलो झाडाच्या सालीतले सॅलिसिन वापरून ताप आणि सांधेदुखी उतरवली. १८९९ पासून ॲस्पिरिन आले. सांधे दोन दिवसांत मोकळे होत, पण झडपांचे नुकसान त्याने टळत नसे.

मोजणीला खरी सुरुवात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाली. डेन्मार्कमध्ये डॉक्टरांकडून या तापाच्या नोंदी १८६० नंतरच्या दशकापासून जमा होत गेल्या, त्यामुळे शंभर वर्षांचा सलग आलेख हाती असलेला तो दुर्मीळ देश ठरला. इंग्लंडमध्ये ब्रायटनचे आरोग्याधिकारी आर्थर न्यूजहोम यांनी १८९५ च्या मिलरॉय व्याख्यानांत रुग्णालयांच्या नोंदी आणि पावसाचे आकडे शेजारी ठेवून पाहिले. सांधेताप ओलसर हवेने होतो ही सार्वत्रिक समजूत होती. न्यूजहोम यांना उलटेच दिसले: कोरड्या वर्षांत रोगी वाढत होते आणि काही वर्षांत तर आजार साथीसारखा उसळत होता. सांधेताप साथीचा, म्हणजे संसर्गजन्य असू शकतो, हा विचार त्यांनी मांडला. जिवाणूचा पत्ता लागायला मात्र अजून तीसेक वर्षे होती.

पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये हा प्रश्न शाळांच्या आरोग्यतपासणीतून वर आला. शाळकरी मुलांतले हृदयविकार बहुतेक याच आजारातून आलेले आहेत हे दिसू लागले, आणि ॲलिसन ग्लोव्हर या अधिकाऱ्याने १९२० च्या दशकात त्याचा पाठपुरावा केला. श्रीमंतांच्या खासगी शाळांत हा आजार क्वचित आढळे, सरकारी प्राथमिक शाळांत नेहमीचा होता. म्हणून त्याला गरिबांचा आजार म्हणण्याची पद्धत पडली. पण १९२७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या पाहणीने या सोप्या उत्तरात खोडा घातला. निराधारांच्या संस्थांत वाढणारी मुले तर सर्वांत गरीब, पण त्यांच्यात आजार कमी होता. कष्टकरी कुटुंबांत, आपापल्या घरी राहणाऱ्या मुलांत अधिक. म्हणजे घरात पैसा किती येतो एवढेच पाहून भागणार नव्हते. एका खोलीत किती माणसे झोपतात, पोर खोकणाऱ्या भावंडापासून किती अंतरावर निजते, हेही पाहायला हवे होते.

ग्लोव्हरला अंतराचे महत्त्व आधीच ठाऊक होते. महायुद्धाच्या काळात सैनिकांच्या बराकींत मेंदूज्वराची साथ आली असताना पलंगांमधली जागा वाढवून ती आटोक्यात आणता येते, असे त्याने दाखवले होते. तीच नजर घेऊन तो निवासी शाळांकडे वळला. फ्रेड ग्रिफिथबरोबर १९३१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्याने दाखवले की, वसतिगृहात टॉन्सिलच्या सुजेची साथ येऊन गेली की काही आठवड्यांनी सांधेतापाचे रुग्ण दिसू लागतात. हा ग्रिफिथ म्हणजे न्यूमोनियाच्या जिवाणूंवरील १९२८ च्या प्रयोगामुळे आनुवंशिकतेच्या इतिहासात नाव झालेला संशोधक. स्ट्रेप्टोकॉकसचे प्रकार वेगळे ओळखण्याचे त्याचे काम तुलनेने विस्मरणात गेले आहे.

जिवाणूचा शोध मात्र वळणावळणाने झाला. १९०० मध्ये लंडनच्या पॉइंटन आणि पेन यांनी रुग्णांच्या शरीरातून एक जिवाणू वेगळा केल्याचे जाहीर केले, पण इतरांना तो सातत्याने सापडेना. अडचण मुळातच होती. जिवाणू राहतो घशात, आणि शोध चालला होता रक्तात, सांध्यांत, हृदयात. शिवाय ताप येईपर्यंत घशातली लागणही बहुधा ओसरलेली असे. १९३१ मध्ये लंडनमध्ये रॉबर्ट कॉलिस याने मुलांच्या वॉर्डांतून आणि न्यूयॉर्कमध्ये अल्विन कोबर्न याने स्वतंत्रपणे दाखवून दिले की, रक्त विरघळवणाऱ्या स्ट्रेप्टोकॉकसची घशातली लागण आधी आणि सांधेताप नंतर, हा क्रम ठरलेला आहे. कोबर्नने रुग्णांना हिवाळ्यात न्यूयॉर्कहून प्वेर्तो रिकोला नेऊनही पाहिले. तिथे त्यांच्या घशातले जिवाणू नाहीसे झाले आणि प्रकृती सुधारली. न्यूयॉर्कला परतल्यावर लागण पुन्हा आणि आजारही पुन्हा. १९३२ मध्ये ई. डब्ल्यू. टॉड याने रक्तातली अँटीस्ट्रेप्टोलायसिन मोजण्याची पद्धत शोधली. घशातून जिवाणू गेला तरी त्याची रक्तातली खूण वाचता येऊ लागली. ‘एएसओ’ नावाने ही चाचणी आजही गावोगावच्या लॅबमध्ये होते. पुढच्या वर्षी रिबेका लान्सफील्डने स्ट्रेप्टोकॉकसचे गट पाडले आणि माणसाला सतावणारा ‘अ’ गट निश्चित झाला. त्या गटातही ‘एम’ प्रथिनावरून अनेक प्रकार आहेत, हेही तिच्याच कामातून पुढे आले.

याच काळात अमेरिकेच्या ईशान्य भागात हा आजार शाळकरी वयातल्या मृत्यूंच्या प्रमुख कारणांपैकी एक होता. त्यासाठी खास रुग्णालये होती. बॉस्टनचे ‘हाउस ऑफ द गुड समॅरिटन’ आणि न्यूयॉर्कजवळचे ‘अर्व्हिंग्टन हाउस’ येथे मुलांना महिनोन्महिने खाटेवर ठेवले जाई, वर्गही खाटेशीच भरत. दीर्घ मुक्कामाचा एक फायदा संशोधनाला झाला: तीच मुले वर्षानुवर्षे डोळ्यांसमोर राहिली. बॉस्टनच्या टी. डकेट जोन्स याने १९४४ मध्ये निदानाचे निकष मांडले. हृदयाची सूज, सांधेदुखी, कोरिया यांसारखी मोठी लक्षणे आणि ताप यासारखी छोटी लक्षणे यांचा तो मेळ होता. चीडलने जे अनुभवाने ओवले होते त्याला जोन्सने नियमाचे रूप दिले. हे निकष अनेकदा सुधारले गेले. २०१५ च्या सुधारणेत आजार जिथे जास्त आहे अशा समाजांसाठी निकष मुद्दाम सैल केले गेले. तरी ‘जोन्सचे निकष’ हे नाव टिकून आहे. या निकषांमुळे निरनिराळ्या ठिकाणचे आकडे प्रथमच एकमेकांशी ताडून पाहण्याजोगे झाले.

जोन्स आणि एडवर्ड ब्लँड यांनी लहानपणी आजारी पडलेल्या १,००० रुग्णांचा २० वर्षे मागोवा घेऊन १९५१ मध्ये निष्कर्ष छापले. पहिल्या आजारातून उठताना ६५३ जणांच्या हृदयात दोष होता. उरलेल्या ३४७ जणांची हृदये निर्दोष वाटत होती, पण त्यांतल्या १५४ जणांत पुढे दोष प्रकट झाला. दुसऱ्या बाजूला, आरंभी दोष असलेल्या काहींची हृदये वीस वर्षांत पुन्हा निर्दोषही झाली. पेनिसिलिनपूर्व काळात हा आजार नैसर्गिकपणे कसा वाटचाल करतो, याची इतकी विश्वसनीय नोंद दुसरी नाही आणि आता ती होणेही नको.

निर्णायक पुरावा आला तो मुलांच्या रुग्णालयातून नाही, सैन्याच्या छावणीतून. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलातच या तापाचे सुमारे २१,००० रुग्ण झाले होते. रॉकी पर्वताच्या भागातले तळ विशेष बदनाम होते. तिथे नवे जवान देशभरातून येत, एकाच दालनात दुमजली पलंगांवर झोपत, आणि घसादुखीची साथ हटता हटत नसे. वायोमिंगमधल्या फोर्ट वॉरन तळावर १९४९ मध्ये एक स्वतंत्र प्रयोगशाळा उभारली गेली. चार्ल्स रॅमलकँप, लुइस वॉनमेकर आणि फ्लॉइड डेनी हे तिचे प्रमुख संशोधक. घसा सुजून दाखल झालेल्या जवानांचे त्यांनी दोन गट केले. ७९८ जणांना तेलात कालवलेले, शरीरात हळूहळू मुरणारे पेनिसिलिन टोचले; ८०४ जणांना दिले नाही. पहिल्या गटात दोघांना निश्चित रुमॅटिक ताप आला, दुसऱ्यात सतरा जणांना. १९५० मध्ये हे आकडे छापून आले. घसादुखीवर वेळीच उपचार केला तर रुमॅटिक ताप टळतो, हे त्यांवरून सिद्ध झाले. दुसऱ्या गटाला औषध न देणे आजच्या नीतिनियमांत बसले नसते, पण हे औषध या कामी उपयोगी आहे हेच तेव्हा ठरायचे होते.

फोर्ट वॉरनने पुढच्या वर्षांत आणखी दोन व्यवहारोपयोगी गोष्टी शिकवल्या. घसा धरल्यापासून नवव्या दिवशी उपचार सुरू केला तरी पुष्कळ रुग्ण वाचतात. म्हणजे पहिल्याच दिवशी धावपळ करण्यापेक्षा औषधाचा पूर्ण क्रम होणे महत्त्वाचे. दुसरी गोष्ट पलंगांची. लागण झालेल्या जवानाच्या जितके जवळ झोपावे तितकी आपल्याला लागण होण्याची शक्यता अधिक; उलट, वाळलेले जिवाणू असलेली धूळ आणि घोंगड्या यांतून लागण होत नाही, असे त्यांच्या प्रयोगांत दिसले. बराकीतल्या या मोजमापांनी ग्लोव्हरच्या वसतिगृहातल्या निरीक्षणांना आणि १९२७ च्या कोड्याला एकच उत्तर दिले. स्ट्रेप्टोकॉकसला गर्दी लागते, आणि तीही झोपण्याच्या जागेतली.

एकदा आजार झालेल्याला तो पुन्हा होण्याचा धोका फार मोठा असतो, आणि प्रत्येक फेरीत झडपांचे नुकसान वाढते. हे ओळखून १९३९ मध्येच कोबर्न-मूर आणि कॅरोलाइन बेडेल टॉमस यांच्या गटांनी रोज सल्फा देऊन पुनरावृत्ती रोखली होती. १९५१ मध्ये बेंझाथिन पेनिसिलिन तयार झाले आणि एका इंजेक्शनचा परिणाम तीन-चार आठवडे टिकू लागला. अर्व्हिंग्टन हाउसमध्ये १९५० च्या दशकात झालेल्या दीर्घ तुलनेत रोजच्या गोळ्यांपेक्षा हे इंजेक्शन कितीतरी सरस ठरले. भारतात ते ‘पेनिड्युअर’ या व्यापारी नावानेच ओळखले जाते. दर २१ दिवसांनी, वर्षानुवर्षे घ्यावे लागणारे ते दुखरे इंजेक्शन हाच आजही प्रतिबंधाचा कणा आहे.

इथे एक प्रश्न उभा राहतो आणि त्यावर अभ्यासकांचे एकमत नाही: युरोप-अमेरिकेतून हा आजार गेला तो नेमका कशाने? डेन्मार्कचा आलेख सांगतो की, घसरण पेनिसिलिनच्या कितीतरी आधी, एकोणिसाव्या शतकातच सुरू झाली. घरे मोठी झाली, एका खोलीत झोपणारी माणसे कमी झाली, आणि आजार मागे हटू लागला. पण म्हणून औषधाचे श्रेय नाकारता येत नाही. लिऑन गॉर्डिस यांनी १९७३ मध्ये बॉल्टिमोर शहराचे आकडे मांडले: गरीब वस्त्यांपैकी ज्यांच्यासाठी मुलांची सर्वसमावेशक आरोग्यकेंद्रे उघडली होती तिथे १९६० च्या दशकात रुमॅटिक तापाचे प्रमाण ६० टक्क्यांनी घटले, तशाच उरलेल्या वस्त्यांत ते जवळजवळ होते तिथेच राहिले. घर आणि दवाखाना या दोहोंचा वाटा आहे, आणि एकाची उणीव काही अंशी दुसरा भरून काढतो, असेच या दोन पुराव्यांतून म्हणावे लागते. तिसरा वाटा खुद्द जिवाणूचा. जानेवारी १९८५ ते जून १९८६ या काळात अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटी परिसरात ७४ मुलांना रुमॅटिक ताप आला, आणि त्यांतली बहुतेक मध्यमवर्गीय, डॉक्टर परवडणाऱ्या घरांतली होती. ‘एम १८’ प्रकारच्या, चिकट वसाहती करणाऱ्या स्ट्रेप्टोकॉकसवर तेव्हा संशय आला. संपला म्हणून पाठ्यपुस्तकांतून आक्रसत चाललेला आजार असा पुन्हा डोके वर काढू शकतो.

उष्ण प्रदेशांचा इतिहास वेगळ्या गैरसमजाचा आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ब्रिटिश वैद्यकीय वर्तुळांत असे मानले जाई की, रुमॅटिक ताप हा थंड, दमट हवेचा आजार असून उष्ण कटिबंधात तो नसतोच किंवा नगण्य असतो. जे. टर्शियस क्लार्क यांनी १९३० मध्ये या आजाराच्या भौगोलिक विभागणीवर लेख लिहून ही भूमिका ठामपणे मांडली. कोबर्नचा प्वेर्तो रिकोचा प्रयोगही तिला पूरक वाटत होता. भारतातल्या डॉक्टरांना मात्र आपल्या रुग्णालयांत आखडलेल्या झडपांचे रुग्ण दिसत होते. लाहोरला के. एल. विग आणि विशाखापट्टणमला पी. कुटुंबय्या यांनी १९३० च्या दशकात आणि पुढेही अशा रुग्णांचे तपशील जमवून छापले. गोऱ्या डॉक्टरांना आजार दिसला नाही याचे कारण हवेत नव्हते, पाहण्याच्या जागेत होते. त्यांच्यापुढे येत ते सैनिक, नोकरदार, प्रौढ माणसे. गुडघा दुखतो म्हणून आठ वर्षांच्या मुलाला सिव्हिल इस्पितळात आणण्याची ऐपत आणि सवड किती घरांना होती? शिवाय सांधेसूज मुलांत सौम्य असते, हे चीडलने १८८८ मध्येच सांगून ठेवले होते.

स्वातंत्र्यानंतर दिल्ली, वेल्लोर, मुंबई येथील हृदयविभाग उभे राहिले ते बऱ्याच अंशी याच रुग्णांच्या गर्दीमुळे. दिल्लीत एस. पद्मावती यांनी या आजाराच्या प्रसारावर आयुष्यभर काम केले. १९६३ मध्ये सुजॉय रॉय आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये भारतातल्या कुमारवयीन मायट्रल आकुंचनावर लेख प्रसिद्ध केला, सहलेखकांत विकृतिशास्त्रज्ञ व्ही. रामलिंगस्वामी होते. पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांनुसार झडप पूर्ण आखडायला दोन दशके लागतात आणि रुग्ण तिशी-चाळिशीत येतो. भारतात तीच स्थिती वीस वर्षांच्या आत, कधी दहा-बारा वर्षांच्या मुलांत दिसत होती. पुन्हा पुन्हा होणारी आणि उपचारांविना राहणारी लागण हे त्याचे सर्वाधिक पटणारे स्पष्टीकरण आहे. मुलांच्या झडपा फुग्याच्या साहाय्याने उघडण्याच्या तंत्राचा एक आरंभीचा प्रयोगही म्हणूनच दिल्लीत झाला: बॉस्टनचे जेम्स लॉक यांनी १९८५ मध्ये भारतीय सहकाऱ्यांसह तो प्रसिद्ध केला. ‘बलून करणे’ हा शब्द त्यानंतर रुग्णांच्या बोलण्यात रुळला. १९९० मध्ये तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाळ संस्थेने देशी बनावटीची कृत्रिम झडप प्रथम बसवली. त्यामागेही परदेशी झडपा न परवडणारे हेच रुग्ण होते.

शाळांमधली संघटित मोजणी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९७२ ते १९७५ या काळात केली. मुंबईसह पाच केंद्रांत ५ ते १४ वयाच्या मुलांची तपासणी झाली आणि हजारी सरासरी ५.३ मुलांत रुमॅटिक हृदयविकार आढळला. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातल्या ‘जय विज्ञान’ प्रकल्पात पावणेदोन लाखांहून अधिक मुले तपासली गेली, तेव्हा तो आकडा हजारी एकाच्या आसपास आला. घट खरी आहे, पण दोन्ही आकडे सावधपणे वाचायला हवेत. आधीच्या पाहणीत स्टेथोस्कोपवर भिस्त होती आणि निरुपद्रवी कुरकुरही काहींनी आजार म्हणून मोजली असणार. दुसऱ्या बाजूला शाळेतल्या तपासणीत शाळा सुटलेले मूल सापडत नाही, आणि दम लागणारे मूलच आधी शाळा सोडते.

स्टेथोस्कोप किती कमी ऐकतो, हे २००७ मध्ये कळले. एलॉय मारिजाँ आणि सहकाऱ्यांनी कंबोडिया आणि मोझांबिकमध्ये तीच मुले आधी कानाने आणि मग इकोकार्डिओग्राफीने तपासली. कानाने हजारी सुमारे २ मुलांत दोष सापडला होता. इकोने कंबोडियात २१, मोझांबिकमध्ये ३० मुलांत. दहापट फरक. जोहान्सबर्गजवळच्या सोवेटोतील शाळकरी मुलांची १९७२ मधली पाहणी स्टेथोस्कोपने झाली होती आणि हजारी ६.९ या तिच्या आकड्यानेच जगाला धक्का बसला होता. इकोने पाहिले असते तर तो कुठे गेला असता याचा अंदाजच केलेला बरा. पण इकोत दिसणारा प्रत्येक बारीक दोष पुढे वाढतोच असे नाही, त्यामुळे ‘सुप्त’ रुग्णांना इंजेक्शने द्यावीत की नाही हा वाद पंधरा वर्षे चालला. उत्तर युगांडात ८१८ मुलांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले: दोन वर्षांत इंजेक्शन न घेणाऱ्यांपैकी ८.२ टक्क्यांचा दोष वाढला, घेणाऱ्यांपैकी ०.८ टक्क्यांचा.

गरीब देशांना हा आजार हटवता येत नाही, हे म्हणणे कॅरिबियन समुद्राभोवतीच्या देशांनी खोटे ठरवले आहे. कोस्टा रिकाने १९७० च्या दशकात घसादुखीसाठी एकाच बेंझाथिन इंजेक्शनची पद्धत सार्वत्रिक केली. क्युबाच्या पिनार देल रिओ प्रांतात १९८६ पासून दहा वर्षे रुग्णनोंदणी, शिक्षकांचे प्रशिक्षण आणि इंजेक्शनांचा पाठपुरावा यांचा कार्यक्रम राबवला. मार्टिनीक आणि ग्वाडलूप या बेटांवर अशाच लोकशिक्षणाने दशकभरात रुग्ण सुमारे तीनचतुर्थांशांनी घटले. उलट न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलिया हे श्रीमंत देश असूनही तिथल्या माओरी, पॅसिफिक बेटांवरून आलेल्या आणि आदिवासी मुलांत या आजाराचे प्रमाण जगातल्या सर्वाधिक प्रमाणांत मोडते. या मुलांच्या घरांतही दाटीच अधिक आहे. उत्तर ऑस्ट्रेलियात घशापेक्षा त्वचेवरच्या स्ट्रेप्टोकॉकसच्या फोडांचा संबंध असावा, असे काही संशोधकांना वाटते.

जगभरात २०१५ मध्ये रुमॅटिक हृदयविकाराचे ३ कोटी ३४ लाख रुग्ण आणि वर्षाला ३ लाख १९ हजार मृत्यू असा अंदाज काढला गेला. रुग्णांची सर्वांत मोठी संख्या भारतात आहे. जागतिक आरोग्य परिषदेने २०१८ मध्ये या आजारावर स्वतंत्र ठराव केला. लस अद्याप नाही. ‘एम’ प्रथिनाचे दोनशेहून अधिक प्रकार असल्याने एका लशीत सारे बसत नाहीत, शिवाय १९६० च्या दशकात एका प्रायोगिक लशीनंतर काही मुलांना रुमॅटिक तापच आल्यामुळे संशोधन कित्येक वर्षे थबकले. त्यामुळे भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ मध्ये दिलेला क्रमच आज लागू आहे. हृदयाला धक्का न लागलेल्या मुलाने ५ वर्षे किंवा १८ व्या वर्षापर्यंत, सौम्य सूज येऊन गेलेल्याने १० वर्षे किंवा २५ व्या वर्षापर्यंत, यांपैकी जी मुदत लांब असेल तितका काळ, आणि झडप गंभीर बिघडलेल्याने निदान चाळिशीपर्यंत इंजेक्शन घ्यायचे असते. बरे वाटते म्हणून ते मध्येच थांबवायचे नसते.